ऑइल कूलर: काढावा, हलवावा की राहू द्यावा?

जुनी मोटरसायकल कॅफे रेसर किंवा स्क्रॅम्बलर करायला घेतली की पहिली कुऱ्हाड कशाकशावर पडणार ते ठरलेलं असतं. मागचं मडगार्ड, इंडिकेटर, एअर फिल्टरचा डबा, आणि इंजिनाच्या पुढे दोन पाइपांवर लटकणारी ऑइल कूलरची जाळी. जाळी दिसायला बोजड, तिचे पाइप सिलेंडरच्या देखण्या फिन्सवरून आडवेतिडवे गेलेले, वर बँजो बोल्टाशी कायमचा ओशट डाग. मालक म्हणतो, ‘हवेवर थंड होणारं इंजिन आहे, हे लोढणं कशाला?’ मिस्त्री म्हणतो, ‘काढून टाकू, दोन्ही भोकं बंद करू.’ लांबचे प्रवास करणारा मित्र म्हणतो, ‘वेडा आहेस का, इंजिन जळेल.’ तिघांचंही बोलणं कुठल्या ना कुठल्या गाडीला लागू पडतं. घोटाळा होतो तो एका गाडीचं उत्तर दुसरीला लावल्यामुळे.

कूलर कारखान्याने दिलाय की मागाहून बसवलाय, तेलाच्या वाटेवर तो नेमका कुठे आहे आणि तेल प्रत्यक्षात किती तापतंय, या तीन गोष्टी ठाऊक नसताना पाना हातात घेणं म्हणजे जुगार. पण बहुतेक वाद या तिन्हींना वळसा घालून थेट ‘दिसतं कसं’ किंवा ‘कंपनीला अक्कल नव्हती का’ इथे पोचतात.

आधी उष्णतेचा हिशेब. वारा पोचतो तो सिलेंडर आणि हेडच्या बाहेरच्या फिन्सपर्यंत. पिस्टनची खालची बाजू, क्रँकची बेअरिंग, कॅम, रॉकर, आणि बहुतेक गाड्यांत त्याच तेलात फिरणारा गिअरबॉक्स व क्लच, यांची उष्णता बाहेर काढायला तेलाशिवाय दुसरं कोणी नाही. हे तापलेलं तेल खाली येतं आणि क्रँककेसच्या भिंतींना उष्णता देतं. भिंतींना लागणारा वारा तेवढ्या कामाला पुरेसा असेल तर कूलरची गरजच नाही. इंजिनाची ताकद वाढवली, गाडीला फेअरिंग चढवली, मागे माणूस आणि सामान लादून घाट चढवला, की हा ताळा बिघडतो.

तेल साधारण ९० ते ११० अंश सेल्सियसमध्ये राहिलं तर सगळं ठीक. १२० च्या पुढे लक्ष द्यावं, आणि १३० च्या पुढे साधं मिनरल तेल वापरणाऱ्याने काळजी करावी. कारण आकड्यांतच आहे. ‘५०’ ग्रेडच्या तेलाचा दाटपणा १०० अंशांवर १६.३ ते २१.९ सेंटिस्टोकच्या दरम्यान असावा लागतो. नेहमीचं २०डब्ल्यू-५० तेल १३० अंशांवर नेलं की त्याचा दाटपणा जवळपास निम्मा होतो, म्हणजे १०० अंशांवर ‘३०’ ग्रेडचं तेल जेवढं पातळ असतं तेवढं. डब्यावर ५० लिहिलेलं तेल आपण विकत घेतो आणि क्रँकला मात्र ३० मिळतं. शिवाय तापमान दर दहा अंशांनी वाढलं की तेल खराब होण्याचा वेग अंदाजे दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ठोकताळा आहे. म्हणजे कूलरने केवळ दहा अंश उतरवले तरी तेलाचं आयुष्य लक्षणीय वाढतं.

आता याची दुसरी बाजू. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतांश वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडं पिस्टन रिंगांना चुकवून तेलात उतरतं. तेल नीट तापलं तर ते पाणी उडून ब्रीदरवाटे बाहेर पडतं. तेल साठ-सत्तर अंशांवरच घुटमळत राहिलं तर तेल भरायच्या झाकणाखाली दुधाळ, लोण्यासारखा थर जमतो आणि आतून गंज धरायला लागतो. थंड प्रदेशात, हिवाळ्यात चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्यांच्या गाड्यांत हे हमखास दिसतं. त्यामुळे युरोपातले काही जुने चालक कूलर काढायला सांगतात तेव्हा ते मूर्खपणाने बोलत नसतात. त्यांच्या हवेत थर्मोस्टॅट नसलेला कूलर खरोखरच नुकसान करतो. त्यांचा सल्ला जसाच्या तसा उचलून नागपुरात लावला की मात्र पंचाईत होते.

कारण जाळी किती उष्णता सोडेल हे तेल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. तेल ११० अंश आणि हवा २० अंश असेल तर फरक ९० चा. चंद्रपूरच्या मे महिन्यात हवा ४५ अंश असते तेव्हा फरक उरतो ६५ चा. जाळी तीच, गाडीचा वेग तोच, पण काम चौथ्या हिश्शाहून जास्त घटलं. फिन्सचंही तेच होतं. म्हणजे ज्या दिवशी कूलरची गरज सर्वाधिक, त्याच दिवशी तो सगळ्यात दुबळा. आणि हिंजवडीच्या किंवा घोडबंदर रोडच्या कोंडीत गाडी जागच्या जागी उभी असेल तर पंखा नसलेली जाळी जवळजवळ शोभेचीच. ‘ट्रॅफिकमध्ये गाडी तापते म्हणून कूलर बसवला’ असं सांगणाऱ्याने पैसे चुकीच्या ठिकाणी घातलेले असतात. कूलरचा खरा उपयोग वारा मिळत असताना, म्हणजे महामार्गावरच्या दीर्घ दौडीत, किंवा चढावर चाळीस-पन्नासच्या वेगाने इंजिन जोर लावत असताना.

आता गाड्यांकडे. या प्रश्नाच्या दृष्टीने जुन्या एअर-कूल्ड गाड्यांची तीन घराणी पडतात आणि तिन्हींचा न्याय वेगळा.

पहिलं घराणं सुझुकीचं. १९८५ साली आलेली जीएसएक्स-आर ७५० ही रेसिंगच्या गाडीएवढी हलकी करायची होती. तिचं कोरडं वजन १७६ किलोच्या आसपास ठेवलं गेलं. एत्सुओ योकोउची यांच्या चमूने पाण्याचा रेडिएटर, पाण्याचा पंप आणि पाण्याची पोकळी हे सगळंच टाळलं आणि ते काम तेलावर सोपवलं. पंपाचे दोन भाग केले. एक नेहमीच्या वंगणासाठी, दुसरा हेडवर भरपूर तेल ओतून ज्वलनकक्षाची उष्णता खेचून घेण्यासाठी. पिस्टनच्या खालच्या बाजूवर तेलाच्या पिचकाऱ्या मारणारे बारीक जेट दिले. याच वंशातली इंजिनं पुढे १९९६ पासूनच्या बँडिट १२०० मध्ये आली, आणि आपल्याकडे २०१९ मध्ये आलेल्या जिक्सर २५० मध्ये सुझुकीने पुन्हा तोच विचार नव्या रूपात आणला. तिथे सिलेंडरभोवतीच्या पोकळीतून तेल फिरतं. या गाड्यांना फिन्स आहेत म्हणून त्यांना एअर-कूल्ड समजणं महागात पडतं. त्यांचा कूलर हा त्यांचा रेडिएटर आहे. तो हलवता येतो, तेही तेवढ्याच किंवा मोठ्या आकाराचा ठेवून. काढण्याचा विषयच नाही. जुनी बँडिट ‘नेकेड’ दिसावी म्हणून छोटी जाळी लावण्याची फॅशन अधूनमधून येते. उन्हाळ्याच्या देशात ती करू नये एवढंच म्हणेन.

दुसरं घराणं अशा गाड्यांचं, ज्यांचं इंजिन मुळात कूलरशिवायही चालू शकतं, पण कारखान्याने खबरदारी म्हणून तो दिलाय. बीएमडब्ल्यूचे जुने बॉक्सर इंजिनवाले मॉडेल हे याचं अभिजात उदाहरण. १९६९ ते १९९६ या काळात बनलेल्या त्या पिढीत सिलेंडर दोन्ही बाजूंना वाऱ्यात बाहेर आलेले असल्याने सुरुवातीच्या गाड्यांना कूलर नव्हताच. पुढे एक हजार सीसीच्या मोठ्या, फेअरिंगवाल्या गाड्यांबरोबर तो आला. १९८७ च्या आर १०० जीएसवर तर कूलर उजव्या सिलेंडरपुढच्या क्रॅश बारवर बसवला होता. कच्च्या रस्त्यासाठी बनवलेली गाडी, आणि ती उजवीकडे आडवी झाली की आधी मार बसणार कूलरला! जगभरच्या जीएसवाल्यांनी तो तिथून उचलून समोर, हेडलाइटच्या खालच्या बाजूला आणला, यात नवल नाही. कूलर हलवण्याचं इतकं सयुक्तिक कारण दुसऱ्या कुठल्या गाडीत सापडणं कठीण.

याच घराण्यात आपल्या ओळखीच्या गाड्या येतात. बजाजने २००७ मध्ये पल्सर २०० आणि २२० या दोन्हींना ऑइल कूलर दिला. पुढे ॲव्हेंजर २२० मध्येही तो होता. हिरो होंडाच्या करिझ्माची गोष्ट तर या वादासाठी मुद्दाम रचल्यासारखी आहे. २००३ मध्ये आलेल्या करिझ्माच्या २२३ सीसी इंजिनाला कूलर नव्हता आणि ती गाडी महाराष्ट्रातल्या घाटांत वर्षानुवर्षं धावली. २००९ मध्ये त्याच इंजिनाची फ्युएल इंजेक्शनवाली झेडएमआर आली आणि तिला कूलर मिळाला. कूलर काढू पाहणारे नेमका याचाच दाखला देतात: साध्या करिझ्माला लागत नाही, मग झेडएमआरला कशाला? पण झेडएमआरला पूर्ण फेअरिंग होती. इंजिनाभोवती प्लास्टिक उभं केलं की क्रँककेसला लागणारा वारा घटतो आणि त्याची भरपाई कुठेतरी करावी लागते. म्हणजे फेअरिंग उतरवून झेडएमआर उघडी केली तर कूलर काढण्याच्या बाजूने बोलता येतं. फेअरिंग ठेवून येत नाही. एकाच गाडीला दोन उत्तरं, आणि दोन्ही बरोबर.

तिसरं घराणं मागाहून बसवलेल्या कूलरचं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत लॉकहार्टचे कूलर किट जपानी चार सिलेंडरच्या गाड्यांवर सर्रास चढत. ब्रिटनचं मोकल आणि स्वीडनचं सेट्राब ही नावं आजही दर्दी लोक घेतात. आपल्याकडे बुलेटवर कूलर बसवण्याची हौस जुनीच. कास्ट आयर्नच्या जुन्या बुलेटमध्ये तेलाची टाकी क्रँककेसमध्येच वेगळी ओतलेली असते, पंप एका बाजूने तेल पुरवतो आणि दुसऱ्या बाजूने परत आणतो. अशा रचनेत कूलर लावायचाच तर परतीच्या वाटेवर लावावा; पुरवठ्याच्या वाटेवर लांब पाइप आणि जाळी घातली तर पुढे बेअरिंगचं पोषण कमी होतं. या घराण्यात कूलर काढण्याला माझी हरकत शून्य. इंजिन मूळ अवस्थेत असेल, कार्बोरेटर आणि टायमिंग बरोबर असेल, तर जे कारखान्याने दिलं नाही ते नसल्याने काही बिघडत नाही. उलट गळतीची चार ठिकाणं कमी होतात. फक्त आधीच्या मालकाने ते का बसवलं होतं याची चौकशी करावी. बोअर मोठा करून घेतलेला असेल तर उत्तर बदलतं.

जागेच्या प्रश्नावर सर्वांत बोलकं उदाहरण मोटरसायकलचं नाही, फोक्सवागनच्या बीटलचं आहे. त्या एअर-कूल्ड मोटारीत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणाच्या आतच, तिसऱ्या सिलेंडरच्या वाऱ्याच्या वाटेत उभा होता. तेलाची उष्णता घेऊन गरम झालेला वारा मग त्या सिलेंडरवर जाई. तिसऱ्या सिलेंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याची तक्रार बीटलच्या मिस्त्र्यांना पाठ होती. १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीने कूलर बाजूला सरकवला, त्याला स्वतंत्र घर दिलं आणि गरम हवा वेगळी बाहेर काढली. कूलर लहान किंवा मोठा करण्याआधी कारखान्यालाच तो हलवावा लागला, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

मोटरसायकलवर हीच चूक रोज होते. कूलर हेडच्या थेट समोर आणि त्याला चिकटून बसवला की हेडला मिळतो तो आधीच तापलेला आणि अडखळलेला वारा. तेल पाच अंशांनी उतरतं आणि हेड तापतं. हा सौदा तोट्याचा. कूलर आणि हेड यांच्यात चांगलं अंतर हवं, किंवा कूलर हेडच्या वर, फोर्कच्या खालच्या योकजवळ जावा, किंवा फ्रेमच्या पुढच्या नळीवर इतका खाली असावा की त्याची सावली क्रँककेसवर पडेल, फिन्सवर नाही. खाली आणला की पुढच्या चाकाचा चिखल आणि खडी यांचा मारा सुरू होतो, म्हणून कूलरपुढे भक्कम लोखंडी जाळी आणि मडगार्डला खालून रबरी पदर हवा. सीटखाली किंवा टाकीखाली लपवलेला कूलर छायाचित्रात सुरेख दिसतो. वारा नाही तिथे तो निव्वळ वजन आहे.

जाता जाता एक गाऱ्हाणं. लोक कूलरच्या दोन अंशांवरून भांडतात आणि त्याच गाडीच्या लेग गार्डवर डाव्या-उजव्या बाजूला पेट्रोलचे कॅन, मोठे फॉग लॅम्प, दुहेरी हॉर्न आणि बॅगा लावून इंजिनाचा सगळा वारा अडवतात. आधी ते काढा. फिन्समधली सुकलेली माती, ऑइल मिसळलेली धूळ ब्रशने आणि केरोसीनने साफ करा. मिश्रण गरजेपेक्षा पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं होत नाही ना, ते पाहा. सायलेन्सर बदलून जेट तोच ठेवलेल्या गाड्या यानेच तापतात. या दुरुस्त्यांनी जेवढा फरक पडतो तेवढा अनेकदा कूलरनेही पडत नाही.

आता तो सगळ्यात धोक्याचा सल्ला: ‘दोन्ही भोकं बंद करू.’ काही इंजिनांत कूलर ही मुख्य वाटेपासून फुटलेली एक उपवाट असते. तिथे बूच मारल्याने तेल मुख्य वाटेने जातच राहतं. पण काहींत कूलर मुख्य वाटेवरच असतो: पंप, मग कूलर, मग बेअरिंग किंवा हेड. तिथे बूच मारलं की पुढचा पुरवठा खलास. गाडी सुरू होते, आवाजही पाच मिनिटं गोड येतो, आणि मग कॅम किंवा क्रँक धरतो. अशा इंजिनांत दोन्ही तोंडं एका आखूड पाइपाने किंवा कंपनीच्या मूळ झाकणाने एकमेकांना जोडावी लागतात. कुठली गाडी कुठल्या प्रकारची, हे त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या तेलाच्या नकाशावरून ठरवा, गॅरेजमधल्या आवाजावरून नको. नकाशा नसेल तर हात लावू नका.

बीएमडब्ल्यूच्या बॉक्सरमध्ये सापळा आणखी वेगळ्या जागी आहे. तिथे कूलरचा थर्मोस्टॅट फिल्टरच्या गोल झाकणात असतो, म्हणून कूलर काढायचा तर झाकणही साध्या प्रकारचं घ्यावं लागतं. त्या झाकणाखाली एक जाड पांढरी ओ-रिंग असते. फिल्टरच्या डब्याची कड किती आत आहे ते मोजून, लागेल तशी पत्र्याची रिंग घालून ती ओ-रिंग योग्य दाबली जाते की नाही हे पाहावं लागतं. ती ढिली राहिली तर तेल बाहेर थेंबभरही गळत नाही. ते आतल्या आत क्रँककेसमध्ये परत जातं आणि बेअरिंगला कमी पडतं. ऑइलचा दिवा तर दाब अगदीच उतरल्यावर लागतो. इंग्रजी मुलखातले मालक तिला ‘दोन हजार डॉलरची ओ-रिंग’ म्हणतात, ते क्रँक पुन्हा बांधायला येणाऱ्या खर्चावरून.

हलवण्याच्या कामातही अपयश जाळीत क्वचितच असतं. ते पाइपांत आणि जोडांत असतं. मूळ पाइपाच्या आतल्या व्यासापेक्षा बारीक पाइप घेऊ नये आणि काटकोनी वळणं कमीत कमी ठेवावीत. दाब तिथेच हरवतो. स्टीलच्या विणीचे पाइप चकचकीत दिसतात, पण फ्रेमला किंवा ॲल्युमिनियमच्या झाकणाला घासत राहिले तर करवतीसारखे कापत जातात. त्यावर रबरी किंवा प्लास्टिकची नळी चढवलीच पाहिजे. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून आणि फोर्क पूर्ण दाबून पाइप कुठे ताणला जातो, चाक जाळीला कुठे टेकतं, ते स्टँडवरच पाहून घ्यावं. पाइप सायलेन्सरच्या बेंडजवळून जात असेल तर वाट बदलावी. एक-सव्वा लिटर तेलावर चालणाऱ्या इंजिनाचा पाइप फुटला तर तेल संपायला वेळ लागत नाही, आणि ते सांडतं कुठे तर आपल्याच मागच्या चाकापुढे.

नागदेवी स्ट्रीटवर किंवा भोसरीच्या एमआयडीसीत हायड्रॉलिकचे पाइप बनवून देणारे चांगले कारागीर आहेत. काम त्यांच्याकडून करून घ्यावं, पण आट्यांचं माप स्वतः घेऊन जावं. एक अष्टमांश इंची बीएसपी आणि दहा मिलिमीटर बाय एक, हे दोन आटे हाताला जवळपास सारखेच लागतात. एक दुसऱ्यात दोन-तीन फेरे बसतोही, आणि मग पाना लावला की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. थ्रेड गेज काही महाग नाही. बँजो बोल्टाचे तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घालावेत. गळतीच्या निम्म्या तक्रारी जुनेच वॉशर पुन्हा वापरल्याच्या असतात, असं माझं मत आहे. आणि टॉर्क पाना वापरावा, कारण पोकळ बोल्ट जास्त आवळला तर तुटून अर्धा आत राहतो.

जाळी शक्यतो दोन्ही तोंडं वर राहतील अशी बसवावी. हवा वर जाते आणि बाहेर निघून जाते. तोंडं खाली ठेवली तर वरच्या बाजूला हवेचा फुगा अडकून जाळीचा तेवढा भाग कोरडाच राहतो. इंजिनाच्या थरथरीने जाळीचे कान तुटू नयेत म्हणून रबरी बुश हवेत. कूलर काढला किंवा बदलला की तेलाचं एकूण प्रमाण बदलतं, तेव्हा पुस्तकातला आकडा बाजूला ठेवून डिपस्टिक किंवा काच पाहून भरावं. पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, त्याची वायर अर्थ करून, तेलाचा दाब येईपर्यंत इंजिन नुसतं फिरवावं.

जुन्या बाजारातला कूलर घेताना एक गोष्ट विचारावी: ज्या गाडीवरून उतरला तिचं इंजिन सीज झालं होतं का? झालं असेल तर त्या जाळीच्या पातळ वाटांत बेअरिंगचा चुरा बसलेला असतो. पेट्रोल, डिझेल, कॉम्प्रेसर, काहीही मारा, तो पूर्ण निघत नाही, आणि नव्या इंजिनात हळूहळू उतरतो. असा कूलर फुकट मिळाला तरी नको.

कायद्याची अडचण इथे फारशी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोख नोंदणीपत्रावरच्या, कारखान्याने ठरवलेल्या तपशिलांत बदल करण्यावर आहे आणि ऑइल कूलर त्या तपशिलांत येत नाही. मूळ रूपातली गाडी जपणाऱ्या संग्राहकाला मात्र कूलर काढलेली आर १०० जीएस अपुरी वाटणार आणि भाव तसाच पडणार.

उरला तो निर्णयाचा मार्ग, आणि तो वादापेक्षा सोपा आहे: मोजा. चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड गन मारून मिळणारा आकडा खोटा असतो, प्रत्यक्षापेक्षा बराच कमी. मारायचीच तर काळी टेप चिकटवून तिच्यावर मारा. त्यापेक्षा मल्टिमीटरबरोबर मिळणारा थर्मोकपल डिपस्टिकच्या भोकातून तेलात पोचवणं किंवा तापमान दाखवणारी डिपस्टिक मिळत असेल तर ती घालणं चांगलं. एप्रिल-मेच्या दुपारी, मागे माणूस बसवून, खंबाटकी किंवा कसारा चढून वर आल्यावर आकडा लिहून ठेवा. मग कूलरच्या जाळीवर जाड पुठ्ठा आणि टेप लावून ती पूर्ण झाका आणि तोच रस्ता, तशाच दुपारी, पुन्हा चढा. हा प्रयोग दुसऱ्या आणि तिसऱ्या घराण्यातल्या गाड्यांसाठीच. सुझुकीच्या तेलावर थंड होणाऱ्या इंजिनांवर करू नका. झाकूनही तेल ११५ च्या आत राहिलं तर तुमच्या वापरासाठी कूलर नसला तरी चालेल, मग तो सौंदर्यासाठी काढला तरी कोणी नाव ठेवू नये. आकडा १२५ च्या पुढे सरकू लागला तर वाटेतच थांबून पुठ्ठा काढा. प्रश्न निकालात निघाला.

पल्सर २२० किंवा झेडएमआर रोजच्या वापरात असेल, मूळ फेअरिंगसह असेल, तर माझा कौल कूलर आहे तिथेच ठेवण्याचा आहे: जाळीच्या वाकलेल्या फिन्स सरळ करा, पाइप कडक झाले असतील तर बदला, वॉशर नवे घाला, एवढ्याने तक्रारीचं मूळच जातं. आर १०० जीएसचा कूलर हलवावा. बुलेटवरचा हौसेचा कूलर काढून टाकावा. बँडिटच्या कूलरला हात लावू नये. आणि काढलात तर जाळी, पाइप, बोल्ट आणि झाकणं एका पिशवीत घालून, मॉडेल लिहून माळ्यावर ठेवा. जुन्या गाड्यांचे हे भाग नाना पेठेतही सहजी मिळत नाहीत, आणि पुढच्या मालकाला ते लागतील.